मोतीला घेऊन गावाकडे



मे महिना उजाडला, की शहरातली माणसे गावाकडे निघतात. पूर्वी गावी येणाऱ्या माणसाजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि पोरांसाठी खाऊची पिशवी असे. आता त्या बिऱ्हाडात आणखी एका जिवाची भर पडली आहे. पुष्कळ घरांतून हल्ली एखादे लहान जातीचे कुत्रे असते. घर बंद करून पंधरा दिवस गावी जायचे, तर त्याला ठेवायचे कुठे? शेजारी तरी किती दिवस सांभाळणार? मग तेही मोटारीत बसून गावी येते. बदलीच्या गावी राहणारे शिक्षक सुट्टीला घरी निघाले, की त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो. शिकायला गेलेला एखादा मुलगा तर गल्लीतले पिल्लूच टोपलीत घालून घरी आणतो, आणि आई आधी रागावते व मग वाटीभर दूध काढते!

आज ह्या लहानशा प्रवाशाविषयी बोलायचे आहे. मी भूगोल शिकवणारा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. तेव्हा औषधे कोणती द्यावीत हे पशुवैद्यांनीच सांगावे. पण ऊन, वारा, हवेतला ओलावा, घाट आणि रस्ता हे माझ्या विषयातले. आणि कुत्र्याचा प्रवास सुखाचा होणार की जिवावर बेतणार, हे बहुतेक वेळा ह्याच गोष्टींवर ठरते.

समजा, पुण्याहून रत्नागिरीकडच्या एखाद्या खेड्यात जायचे आहे. खंबाटकीचा घाट ओलांडून सातारा, पुढे कराड, तिथून मलकापूर, मग आंबा घाट उतरून साखरपा आणि खाली कोकण. रस्ता तीनशे किलोमीटरांहून अधिक. बरोबर आहे पाच-सहा किलो वजनाचे एक कुत्रे. त्याला आपण मोती म्हणू. ह्या एका प्रवासात मोती दोन निरनिराळ्या हवांतून जातो. एक देशावरची कोरडी हवा आणि दुसरी कोकणातली दमट हवा. आपल्याला दोन्ही ठिकाणी नुसते उकडते. मोतीचे तसे नसते. का नसते, ते पाहू.

आपल्याला उकडले की अंगभर घाम येतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो आणि आपण गार होतो. कुत्र्याला असा अंगभर घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पायाच्या तळव्यांत असतात आणि त्यांचा गारव्यासाठी फारसा उपयोग नाही. त्याचा गारवा त्याच्या तोंडात आहे. जीभ बाहेर काढून कुत्रे लहालहा धापा टाकते, तेव्हा जिभेवरचा, तोंडातला आणि नाकातला ओलावा वाळत असतो व रक्त गार होत असते. स्वस्थ बसलेले कुत्रे मिनिटाला पंधरा ते तीस वेळा श्वास घेते. उन्हाने तापले, की हाच आकडा तीनशेच्या घरात जातो. आपण म्हणतो, कुत्रे दमले. खरे म्हणजे ते नेहमीच दमलेले नसते, ते आपल्या अंगाला वारा घालीत असते.

आता माठाची गोष्ट घ्या. माठाच्या अंगातून पाणी पाझरते आणि वाळते, म्हणून आतले पाणी गार होते. हे आपण शाळेत शिकवतो. पण एक गोष्ट तुमच्याही ध्यानात आली असेल. देशावर वैशाखात माठातले पाणी दातांना कळ लावील इतके गार होते, आणि तोच माठ त्याच महिन्यात कोकणात नेऊन ठेवला तर पाणी तितके गार होत नाही. माठ तोच, कुंभार तोच, मग बिघडले कुठे? बिघडले हवेत. कोकणची हवा समुद्राच्या वाफेने आधीच भरलेली असते. तिच्यात आणखी वाफ मावायला जागा थोडी. म्हणून पाणी वाळायचे तेवढे वाळत नाही.

आकड्यांत सांगायचे तर असे. मे महिन्याच्या दुपारी पुण्याकडे पारा ३८ अंशांवर असला आणि हवेतली आर्द्रता २५ टक्के असली, तर ओले फडके गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवील. किनाऱ्याजवळ पारा ३३ अंशच असला पण आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असली, तर तोच ओला तापमापक २८ अंशांच्या खाली फारसा उतरणार नाही. म्हणजे पाहा, कोरड्या तापमापकाप्रमाणे कोकण पाच अंशांनी थंड. आणि ओल्या तापमापकाप्रमाणे पाच अंशांनी गरम!

मोतीची जीभ म्हणजे हा ओला तापमापक. आपण घाट उतरतो, समुद्राचा वारा लागतो, आणि आपण म्हणतो, "चला, देशावरच्या उन्हातून सुटलो एकदाचे." मोती मात्र तिथे अधिक जोराने धापा टाकू लागतो, कारण त्याची धाप आता पूर्वीइतकी कामाला येत नाही. गावाच्या वेशीशी पोचल्यावर, घर समोर दिसत असताना कुत्रे लोळण घेते, आणि लोक म्हणतात, "इतका वेळ तर चांगलं होतं हो!" त्याचे एक कारण हे आहे. लहान जातींतही ज्यांचे नाक चपटे, तोंड आखूड, उदाहरणार्थ पग, त्यांना हा त्रास फार. हवा खेळायला त्यांच्या नाकात जागाच कमी असते. अशा कुत्र्याला वैशाखातल्या दुपारी प्रवास घडवूच नये.

ह्यावर उपाय काय? पहिला उपाय घड्याळाचा. पहाटे चारला पुणे सोडले, तर ऊन चढायच्या आत घाटाच्या माथ्याशी जाता येते. नाहीतर मग रात्रीचा प्रवास करावा. दुसरा उपाय पाण्याचा. दर दोन तासांनी गाडी थांबवावी, पसरट भांड्यात थोडे पाणी ठेवावे, कुत्र्याला पाय मोकळे करू द्यावेत. पाणी घरचे नेले तर उत्तम, कारण काही कुत्री अनोळखी वासाच्या पाण्याला तोंड लावीत नाहीत. खाली उतरवण्याआधी आपल्या हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवून पाहावी. पाचसात सेकंद हात ठेववत नसेल, तर तिथे मोतीचे पायही भाजतील. त्याच्या पायांत वहाणा नाहीत, आणि त्याचे पोट रस्त्यापासून जेमतेम वीतभर उंच. तापलेल्या डांबराची धग त्याला आपल्याहून कितीतरी जवळून लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कराडला चहाला थांबलो. "पाच मिनिटांत येतो," म्हणून मोतीला गाडीत ठेवले, काचा बोटभर खाली केल्या, गाडी झाडाखाली उभी केली. ह्यात वावगे काय, असे कुणालाही वाटेल. पण अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉक्टरांनी उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतली उष्णता मोजून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाहेर हवा गार असो की गरम, एका तासात गाडीच्या आतला पारा सरासरी २२ अंश सेल्सियसने चढला. त्यातली सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा बोटभर उघड्या ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. म्हणजे बाहेर ३० अंश असताना अर्ध्या तासात आत ४७-४८ अंश! कुत्र्याच्या अंगाची नेहमीची उष्णता ३८ ते ३९ अंशांच्या दरम्यान असते. ती ४१ अंशांच्या वर गेली, की जिवाचा धोका सुरू होतो.

आणि झाडाची सावली? सावली एका जागी राहत नाही. आकाशात सूर्य दर तासाला १५ अंश सरकतो आणि त्याच्याबरोबर सावलीही सरकते. आपण चहावरून जेवणावर गेलो, जेवणावरून गप्पांवर गेलो, की तेवढ्यात ऊन काचेवर येते. गारव्याचे यंत्र असलेल्या गाड्यांचेही तेच. इंजिन बंद झाले, की गारवाही संपतो. म्हणून नियम एकच करावा: गाडी उभी असताना कुत्रे गाडीत एकटे नाही. एकाने चहा प्यावा, दुसऱ्याने मोतीजवळ बाहेर सावलीत बसावे, मग पाळी बदलावी. एकटाच माणूस असेल, तर त्याने चहा बाहेर मागवून घ्यावा.

आता मोतीने बसायचे कुठे, ते पाहू. पुष्कळजण त्याला मांडीवर घेतात, कुणी खिडकीत उभे करतात. त्याचे डोके बाहेर, कान वाऱ्यावर, पाहायला मोठे गोड दिसते. पण साधे गणित करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर आदळून एकदम थांबली, तर आत मोकळा असलेला जीव त्याच वेगाने पुढे फेकला जातो. हा वेग म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, तीन मजल्यांवरून, खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग. तीन मजल्यांवरून मोतीला आपण कधी सोडू का? चालवणाऱ्याच्या मांडीवर तर कुत्रे कधीच नसावे. ते पायांत घुटमळले तर ब्रेकच दाबता येणार नाही. हवा खेळेल अशी जाळीची पेटी किंवा घट्ट विणीची करंडी घ्यावी, तिच्यात त्याची रोजची पासोडी घालावी, आणि ती मागच्या बैठकीवर पट्ट्याने नीट आवळावी. पेटीत त्याला उभे राहता आले पाहिजे आणि वळून बसता आले पाहिजे. डिकीत किंवा टेंपोच्या तापलेल्या पत्र्यावर सामानाबरोबर त्याला कधीही बांधू नये. एस. टी.ने जायचे असेल, तर नियम आणि भाडे यांची चौकशी आगारात आधीच करावी. ऐनवेळी वाहकाशी हुज्जत घालू नये.

घाट लागला की काही कुत्र्यांना गाडी लागते, अगदी माणसांसारखीच. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक अवयव असतो. तो सांगतो, आपण हलतो आहोत. डोळ्यांना तर गाडीतली बैठक स्थिर दिसते. ह्या दोघांचे जमत नाही आणि पोट ढवळते. पिल्लांत तोल सांभाळणारे हे अवयव पुरते तयार झालेले नसतात, म्हणून त्यांना त्रास जास्त. पुष्कळांचा तो मोठेपणी आपोआप जातो. लाळ गळू लागली, वारंवार जांभया आल्या, ओठ चाटणे सुरू झाले, कण्हणे सुरू झाले, की ओळखावे आणि गाडी थांबवावी. निघण्याआधी चार-पाच तास पोटभर खायला घालू नये. मात्र अगदी लहान पिल्लू फार वेळ उपाशी ठेवणेही बरे नव्हे; त्याला थोडे थोडे द्यावे. आपल्या घरातली ताप-अंगदुखीची गोळी त्याला चुकूनही देऊ नये. माणसाचे औषध कुत्र्याला विष ठरू शकते. तसेच चॉकलेट, मनुका, द्राक्षे, कांदा-लसूण हेही त्याला वर्ज्य. गाडीत पोरे खाऊ खात असतात आणि प्रेमाने त्यालाही भरवतात. तेव्हा पोरांना आधी सांगून ठेवावे.

काही कुत्र्यांची तक्रार पोटाची नसतेच, ती भीतीची असते. वर्षातून एकदा गाडीत घातले आणि थेट सुई टोचायला नेले, तर गाडी म्हणजे सुई असे ते का समजणार नाही? शेतकरी नवा खोंड एकदम भरल्या गाडीला जुंपत नाही. आधी जू मानेवर ठेवतो, मग रिकामी गाडी ओढवतो, मग हळूहळू भार वाढवतो. मोतीचेही तसेच करावे. आठ-पंधरा दिवस आधी त्याला उभ्या गाडीत बसवून खाऊ द्यावा. मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग गावाबाहेर असे नेऊन आणावे. इतके केले, की लांबचा रस्ता त्याला परका वाटत नाही.

वाटेत कुत्रे हरवले तर? आपण ऐकलेले असते, की कुत्रे कुठूनही घर शोधीत येते. तशी खरी उदाहरणे आहेत. १९२३ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील एक कुटुंब मोटारीने इंडियाना राज्यात गेले असता त्यांचा बॉबी नावाचा कुत्रा तिथे हरवला. कुटुंब शोधून शोधून परतले. १९२४ च्या फेब्रुवारीत, सहा महिन्यांनी, बॉबी पाय झिजवून घरी हजर झाला. अंतर चार हजार किलोमीटरांच्या आसपास. वाटेत त्याला खाऊपिऊ घालणाऱ्या लोकांची पत्रेही पुढे आली. आपल्या बाजूचे उदाहरण अगदी अलीकडचे. २०२४ च्या आषाढीला निपाणी तालुक्यातल्या यमगर्णी गावचा एक काळा कुत्रा, नाव त्याचे महाराज, मालकाच्या मागोमाग पंढरपूरला गेला, गर्दीत चुकला, आणि सुमारे अडीचशे किलोमीटरांवरून एकटा घरी आला. गावाने त्याला हार घातला आणि जेवणावळ घातली, म्हणे.

हे त्यांना कसे साधते? चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले, त्यांतल्या चेक देशातील संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जागा दाखवणारी यंत्रे बांधली, सहाशेहून अधिक वेळा त्यांना जंगलात सोडले, आणि २०२० साली निष्कर्ष छापले. काही कुत्री आल्या वाटेच्या वासावरून परत येत. काही मात्र नव्याच वाटेने येत, आणि त्यांतली बरीचशी निघण्याआधी उत्तर-दक्षिण दिशेने सुमारे २० मीटर धावून घेत. पृथ्वीच्या चुंबकत्वावरून ती दिशा लावून घेत असावीत, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. होकायंत्राची सुई जुळवावी तसेच हे झाले.

पण गुरुजनहो, इथे एक सावधगिरी हवी. परत आलेल्या कुत्र्याची बातमी होते; न आलेल्याची होत नाही. बॉबी आणि महाराज आपल्याला माहीत आहेत, ते आले म्हणून. महामार्गावर चुकलेली आणि गाडीखाली गेलेली कुत्री आपल्या मोजणीत येतच नाहीत. शिवाय त्या शिकारी कुत्र्यांनी जंगलात जाताना आपल्या पायांनी वाट तुडवली होती. आपला मोती पेटीत बसून, ताशी साठ किलोमीटरने, शेकडो वास मागे टाकीत आलेला असतो. त्याच्या दिशाज्ञानावर भरवसा टाकण्यापेक्षा त्याच्या गळपट्ट्यावर भरवसा ठेवावा. पट्ट्याला पत्र्याची बिल्ली लावावी, तिच्यावर आपला दूरध्वनी क्रमांक कोरावा. गाडीचे दार उघडण्याआधी साखळी हातात घ्यावी. दार उघडून मग साखळी शोधू नये. धाब्यावरची कुत्री आपली हद्द राखून असतात. ती अंगावर आली, की बुजलेले लहान कुत्रे नेमके रस्त्याच्या दिशेने पळते.

निघण्यापूर्वी एक काम राहून जाऊ नये, ते लसीचे. पिसाळण्याच्या रोगावरची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाले की टोचतात, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्या मुदतीने पुन्हा. तिचा दाखला जवळ ठेवावा. लुई पाश्चर ह्यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या एका मुलाला ही लस प्रथम टोचली. त्यामुळे कुत्र्याच्या चाव्यानंतर माणूस वाचवणे शक्य झाले. पण रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की आजही माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वाटेत कुणाला कुत्रे चावले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची असले काही जखमेत भरू नये. पिल्लांच्या बाबतीत आणखी एक. १९७८ साली प्रथम ओळखला गेलेला पार्वो नावाचा हगवणीचा रोग मातीतून पसरतो. लसी पुऱ्या झाल्या नसतील, तर पिल्लू धाब्याच्या अंगणात सोडू नये, उचलूनच धरावे.

इतके करूनही मोतीला ऊन लागले तर? जीभ गडद लाल, घट्ट लाळ, पाय लटपटताहेत, हाक मारली तर लक्ष नाही, अशी चिन्हे दिसली, की वेळ दवडू नये. त्याला सावलीत घ्यावे, सर्वांगावर साधे गार पाणी ओतीत राहावे आणि वारा घालावा. पाणी वाळले पाहिजे, म्हणून ओले फडके गुंडाळून ठेवू नये. शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी प्यायला द्यावे. घशात ओतू नये. आधी गार करावे, आणि गार करतच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावेच. आतला बिघाड पुढे दिसू शकतो.

घरी पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्याला बांधूनच फिरवावे. आपल्याला ते आपले गाव असते. त्याला तो परका मुलूख असतो. ओसरीवर, वारा येईल अशा जागी, त्याची तीच पासोडी घालावी. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही त्याच्या खोडी आणि खाणे आधी सांगून ठेवावे. म्हणजे आजी कौतुकाने पुरणपोळी भरवणार नाही आणि आजोबा काठी उगारणार नाहीत.

शेवटी शिक्षकमित्रांना एक विनंती. सुट्टी लागण्याआधी वर्गात एक प्रयोग करावा. दोन सारखे तापमापक घ्यावेत, एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळावे, आणि दोन्ही सावलीत वाऱ्यावर टांगावेत. दहा मिनिटांनी मुलांना दोन्ही आकडे वहीत लिहायला सांगावे, आणि मग विचारावे, "आज कुत्र्याला किती उकडत असेल?" जी मुले सुट्टीत देशावरून कोकणात किंवा कोकणातून देशावर जातील, त्यांनी तिथेही हे आकडे घ्यावेत आणि जूनमध्ये वर्गात फळ्यावर मांडावेत. आर्द्रतेचा धडा त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही; आणि ज्याच्या घरी मोती आहे, ते मूल गाडी थांबताच आपण होऊन म्हणेल, "बाबा, तुम्ही चहा घेऊन या. मी ह्याच्याजवळ थांबतो."